रविवारीच या

कलावतीनं टीपॉय खाटेपासून चांगलं हातभर लांब ओढलं आणि त्याच्या कोपऱ्यावर दुमडलेला रुमाल पसरला. मागच्या वर्षी अंबादासची भुवई याच कोपऱ्यावर फुटली होती. शेजारपाजारी तिनं सांगून टाकलं होतं, न्हाणीत पाय घसरला.

"आज काही होत नाही," ती नवऱ्याला म्हणाली. "रविवार आहे. रेंज बंद राहते."

"मी काही म्हटलं का?" अंबादास म्हणाला. नवा शर्ट घालून तो पाठ भिंतीला टेकवून, तोंड दाराकडे करून बसला होता.

घमापुरात रेंजच्या आवाजाकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही. जवळच्या दारूगोळा कारखान्यातले तोफगोळे तिकडे माळावरच्या रेंजवर उडवून पाहतात. इकडे फळीवरची भांडी थरथरतात आणि बाया भाजी निवडत राहतात. अंबादासही त्या आवाजातच लहानाचा मोठा झाला. पण इराकमधल्या अमेरिकी छावणीत चार वर्षं शिपायांचे कपडे धुऊन आला, आणि त्याचे कान पार बदलून गेले. तिथं धमाका झाला की असेल तिथं पालथं पडायचं. बंदूक त्यानं कधी हातात धरली नव्हती, तरी मेली लढाई त्याच्या अंगात राहायला आली. इराकला जायची सरकारची मनाई होती, एजंटानं कुवेतहून आत घातलं होतं. म्हणून घरात सगळ्यांनी कुवेतच म्हणायचं ठरलं.

लेकीचं, उत्पलाचं, आधीचं स्थळ असंच गेलं. चहा पिता पिता धमाका झाला आणि अंबादास खाटेखाली. आठवड्याभरात निरोप आला, बाप डोक्यानं सरकलेला आहे, घराण्यातच असेल. उत्पला त्यावर एक शब्द बोलली नाही. ती बोलली असती तर कलावतीला बरं वाटलं असतं.

आणि आज बघायला येणारा हा मोहन तर पोरीच्या मनात भरलेला. हेही मोडलं तर ती पुन्हा कुणासमोर बसणार नाही, हे आईला पक्कं ठाऊक होतं. म्हणून रविवारचीच गळ घालायला तिनं फोन हातात घेतला, तर मोहनची आई सत्यवती आपणहून म्हणाली, "रविवारीच येतो बाई, बाकी दिवस नाही जमत." कलावतीचा जीव भांड्यात पडला. पुढचा विचार तिनं केलाच नाही.

पाहुणे आले. मोहनचे वडील गुणवंतराव दिवाणावर न बसता कोपऱ्यातली खुर्ची भिंतीला लावून बसले. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून आणलेली खव्याची जिलबी सगळ्यांपुढे ठेवली गेली.

"आमचे हे पण कुवेतला होते," सत्यवती म्हणाली.

कलावतीनं घाईनं जिलबीची बशी गुणवंतरावांपुढे सरकवली. आता यांनी एखाद्या बाजाराचं, रस्त्याचं नाव विचारलं तर?

"कुठं होते तुम्ही?" गुणवंतरावांनी बशीत पाहत विचारलं.

"शहराबाहेर," अंबादास म्हणाला. "तुम्ही?"

"मीही बाहेरच. किचनमध्ये."

"मी लाँड्रीत."

"गर्मी लई राहते तिकडे."

"गर्मी तर राहतेच."

दोघांनीही घाईघाईनं जिलबी तोंडात घातली. विषय तिथंच बुडाला, आणि कलावतीनं उत्पलाला चहा आणायची खूण केली.

उत्पला ट्रे घेऊन उंबऱ्यात आली आणि खिडकीची तावदानं खणखणली. धमाका असा, की फळीवरून वाटी खाली आली.

अंबादास खाली गेल्याचा आवाज कलावतीनं ऐकला. तिनं डोळे मिटून घेतले. संपलं, तिला वाटलं. पोरीचं नशीबच फुटकं.

कुणी हसलं नाही. कुणी 'काय झालं' म्हणूनही विचारलं नाही. तिनं डोळे उघडले. मोहननं खाली न पाहताच टीपॉय पायानं बाजूला सारलं होतं, रोजच्या सवयीचं काम असावं तसं. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी होती. गुणवंतराव फरशीवर पालथे होते, दोन्ही हात मानेवर.

सत्यवती नवऱ्याकडे पाहतच नव्हती. ती कलावतीकडे पाहत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

"काहून हो," ती म्हणाली, "रविवारी तर बंद राहते ना?"

"राहते," कलावती म्हणाली. "मी पण त्याच्यासाठीच म्हणणार होती रविवार."

उत्पलानं ट्रे जपून खाली ठेवला. फरशीवर दोन पुरुषांची तोंडं समोरासमोर होती. उठायची घाई कुणालाच नव्हती.

"कोणत्या कॅम्पात होते?" गुणवंतरावांनी हळूच विचारलं.

"थांबा," अंबादास म्हणाला. "दुसरा होऊन जाऊ द्या. मग सांगतो."