माझ्या पाठीवरच्या सात चिठ्ठ्या

मी एक जुनी टेप आहे, मित्रांनो, पण गाणी लावायची नव्हे. तोर्शहावन या बेटावरच्या शहरातल्या ध्वनिसंग्रहात दर सोमवारी संगणकातली सगळी कवने माझ्यावर उतरवून ठेवतात. संगणक दगावला, तर आधार माझाच. सुदुरॉय बेटावरच्या मार्युन आजीने म्हटलेले ऐंशी कडव्यांचे कवनही माझ्याकडे आहे. ते पूर्ण फक्त तिलाच येत असे आणि ती आता हयात नाही.

काम संपले की यंत्र एक कागद छापते. त्यावर दोन आकडे असतात. अडखळून पुन्हा सावरलेल्या चुकांचा पहिला आणि कधीच न सावरलेल्या चुकांचा दुसरा. आमचा प्रमुख हानुस फक्त दुसरा बघायचा. शून्य दिसले की निवांत कॉफी ओतायचा. मला तोंड नाही, मित्रांनो. पहिला आकडा हेच माझे ओरडणे होते. उमेदीत तो दहा-बारा असायचा. मग चाळीस झाला, मग दोनशे, मग नऊशे. मी जिवाच्या आकांताने ओरडत होते आणि कुणी ऐकत नव्हते.

त्यात हानुस दर जानेवारीत माझ्यावर नव्या नावाची चिठ्ठी डकवायचा, जुनीच्या वरच. यंत्राच्या लेखी मी कोरी टेप ठरायचे आणि मागचे सगळे आकडे माझ्या नावावरून पुसले जायचे.

मग राकुल नोकरीला लागली. तिने पहिला आकडा वाचला. यंत्रात धूळ असेल, असे हानुस म्हणाला. तिने यंत्र साफ केले. बाकीच्या टेपांचे आकडे उतरले, माझा तसाच राहिला. दुसऱ्या यंत्रातही तेच झाले.

"हानुस, यंत्र ठीक आहे. ही टेपच संपलीय. बदलूया."

"शून्य आहे ना? कोपर फाटल्याशिवाय मी स्वेटर टाकत नाही. आणि चिठ्ठी बघ, ही तर याच जानेवारीतली आहे."

राकुलने नखाने चिठ्ठी सोलली. खाली दुसरी निघाली, तिच्याखाली तिसरी. अशा सात निघाल्या. हानुसने त्या दोनदा मोजल्या आणि नवी टेप मागवली. पण वादळामुळे जहाज आले नाही आणि गुरुवारी संगणक दगावला.

त्यांनी मला यंत्रात घातले. मी होते नव्हते ते बळ लावले. कागद निघाला. दुसरा आकडा तीन होता, म्हणजे तीन तुकडे कायमचे गेले होते.

शनिवारी मार्युनचा म्हातारा मुलगा तुम्मास आला. नातीला कवन शिकवायचे होते. आजीचा आवाज एक्केचाळिसाव्या कडव्यापर्यंत आला आणि थांबला. बऱ्याच वेळाने अठ्ठावन्नावे कडवे सुरू झाले.

"मधलं मला येत नाही रे," तुम्मास म्हणाला. "ते तुमच्याकडे आहे म्हणून मी कधी पाठच केलं नाही."

हानुसने यंत्र बंद केले.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात, आम्हाला टाकू नका. मी उलटे मागते. माझा पहिला आकडा वाढू लागला की माझ्याकडचे सगळे काढून घ्या आणि मला टाकून द्या. सोळा कडवी पोटात असून ती सांगता येत नाहीत. असे जगणे कुणाच्या वाट्याला येऊ नये.