हिरव्या बाहीच्या रेघा

व्हिएन्नाच्या त्या चर्चमध्ये पापा जेमतेम चार मिनिटं थांबले. बाकावर टेकलेसुद्धा नाहीत. छतावर सोनं, खांबांवर सोनं, सोन्याच्या ढगांतून लोंबणारे गुबगुबीत देवदूत आणि त्या देवदूतांच्या टाचांनाही सोन्याचा हात. पापांनी टोपी पुन्हा डोक्यावर चढवली आणि ते दाराकडे निघाले.

"एर्सिलिया, इथं डोळा टेकायला एक रिकामी भिंत नाही," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "हे देवाचं घर आहे की मिठाईवाल्याची काच?"

समोरच्या कॅफेत कॉफी आली तीही क्रीमचा डोंगर घेऊन. तो त्यांनी चमच्यानं उचलून बशीत ठेवला. यांचा हात कुठंच थांबत नाही, एवढंच म्हणाले.

मी हसले. पाच दिवस आमचं हेच चाललं होतं. प्रागमध्ये नुकतीच रंगवलेली गुलाबी-पिवळी घरं पाहून त्यांनी विचारलं होतं, इथं कुणी मरतं तरी का. साल्झबुर्गला त्यांना साबणाचा वास आला. म्युनिकचा राजवाडा तेवढा मानवला. तो युद्धात पडला होता, पुन्हा उभा केलेला आहे, आणि आत ढिगाऱ्याचे फोटो लावून ठेवलेत. निदान सांगतात तरी, असं म्हणून ते त्या फोटोंपुढे इतका वेळ उभे राहिले की मागची रांग कुरकुरायला लागली.

मी त्यांना ही शहरं दाखवायला नेलं नव्हतं. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. घरच्या टेबलाशी ती एकतीस वर्षांत सांगता आली नव्हती. परक्या गावात सांगता येईल असं वाटलं होतं. म्युनिकला त्या फोटोंपुढे मी तोंड उघडलंही, आणि राजवाड्याच्या गालिच्याला नावं ठेवली. इमारतींना नावं ठेवणं फार सोयीचं असतं. बापलेकीचे दिवसच्या दिवस त्यात निघून जातात.

व्हिएन्नातल्या त्या संध्याकाळी हॉटेलच्या जिन्यापाशी ते म्हणाले, "घरी गेल्यावर आपल्या गावच्या संत एऊफेमियाच्या चर्चमध्ये जाऊन येऊ. पुन्हा परांची बांधतायत म्हणे."

"जाऊ की," मी म्हणाले.

"झोप आता. उद्या गाडीत डबा बघून बस, बडबड्यांच्या डब्यात नको."

सकाळी दार वाजवलं तर उत्तर नाही. आत ते पलंगाच्या कडेवर एका कुशीला कलंडले होते. एका पायात बूट होता, दुसरा हातात. तो हात गार पडला होता.

माझे वडील ओलिंदो ब्रुसेगान भिंतींवरची जुनी चित्रं दुरुस्त करत. गिलावा पडून चित्राचा तुकडा गेला की ती जागा आमच्याकडे बारीक उभ्या रेघांनी भरतात. दहा पावलांवरून चित्र सलग दिसतं. नाक भिंतीला लावलं की रेघा दिसतात आणि कळतं, इथलं मूळ गेलंय. रेघ उभीच हवी. खालच्या चित्रात घडी असो, गाल असो, हात असो, रेघ सरळ खाली. आकाराच्या मागं वळली की ती भरणी राहत नाही, नक्कल होते. पापा म्हणत, जिथं चित्र नाही तिथं नाही असं सांगायचं, फक्त ओरडून सांगायचं नाही.

एऊफेमियाच्या चर्चमध्ये बाळंतिणीच्या खोलीचं एक चित्र आहे. त्यात एक दाई पाण्याची घागर घेऊन वळते. तिच्या हिरव्या बाहीचा कोपराजवळचा तळहाताएवढा तुकडा गेला होता. मी तेव्हा वीस वर्षांची होते, विद्यापीठात कलेचा इतिहास शिकत होते, उन्हाळ्यात पापांच्या हाताखाली होते. एका दुपारी ते जेवायला घरी गेले आणि मी ती बाही भरली. पहिल्या दहा रेघा सरळ घातल्या. मग घडी मला बोलावायला लागली. मी घडीच्या वळणानं रेघ वळवली, सावलीत दाट केली, कोपरावर उजेड आणला. बाही इतकी सुंदर झाली की मला माझाच अभिमान वाटला. पापा परतल्यावर चित्राच्या दुसऱ्या टोकाला कामाला लागले, आणि दुसऱ्या दिवशी परांची उतरली.

दोन महिन्यांनी जवळून काढलेले फोटो आले. सरकारी तपासनीस मालवेस्तिओ आमच्या घरी आले. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं. त्यांनी फोटो टेबलावर टाकला आणि म्हणाले, "ब्रुसेगान, ही लबाडी आहे."

पापांनी फोटो बराच वेळ पाहिला असावा. मग त्यांचा आवाज आला. "माझ्या परांचीवर झालंय. माझंच काम ते."

बस, एवढंच. सहा वर्षं ज्या मठाच्या मोठ्या दालनाची त्यांनी वाट पाहिली होती ते काम दुसऱ्याला गेलं. पुन्हा सरकारी भिंत त्यांच्या हाताला लागली नाही. त्यानंतर आमच्या भागातल्या पिझ्झेरियांच्या नव्याकोऱ्या भिंतींवर त्यांनी जुन्या भेगा रंगवल्या. दातांच्या डॉक्टरांच्या बंगल्यांत अर्ध्या पुसट देवता काढल्या. नक्कल केल्याबद्दल ज्या माणसाला हाकललं, तो उरलेलं आयुष्य नक्कल करून जगला, आणि त्या पैशावर मी शिकले. गेली पंचवीस वर्षं मी शाळेत पोरांना खऱ्या-खोट्यातला फरक शिकवते. खोट्या भेगांची भिंत दिसली की मी अजून रस्ता ओलांडून पलीकडे जाते. त्यात पापांचा दोष नव्हता, हे मला प्रत्येक वेळी माहीत होतं.

पेटी सील करण्याआधी व्हिएन्नाच्या अंत्यसंस्कारवाल्यांनी मला आत बोलावलं. त्यांनी पापांना सजवलं होतं. गालांवर गुलाबी रंग, ओठांना चकाकी, कपाळावरची खोक मेणानं बुजवून गुळगुळीत केलेली. ती खोक परांचीवरून पडून झालेली, माझ्या जन्माआधीची. मला शिसारी आली. मी रुमाल ओला केला आणि सगळं पुसून काढलं. तिथला माणूस घाबरून काहीतरी जर्मनमध्ये बोलत राहिला. मी खोकेतलं मेण नखानं काढलं.

गावात भिंतींवर त्यांच्या निधनाचे कागद लागले. एक कागद कुणीतरी चौकातल्या पिझ्झेरियावर, त्यांनीच रंगवलेल्या भेगेवर चिकटवला होता. मी तो उचकटून शेजारच्या खांबावर लावला.

मालवेस्तिओ दफनाला आले होते. आता नव्वदीचे, काठी टेकत. फाटकाशी माझा हात हातात घेऊन म्हणाले, "हात मोठा होता तुझ्या वडिलांचा. एकदाच मोह झाला बिचाऱ्याला."

मी म्हणाले, "आल्याबद्दल आभारी आहे." त्यांचा घामट हात माझ्या हातात होता आणि किळस मात्र मला माझ्या तोंडाची येत होती, ज्यातून ते गुळमट वाक्य निघालं होतं.

महिन्याभरानं एऊफेमियाच्या चर्चमध्ये सभा झाली. परांची उभी होती, भिंतीवर झगझगीत दिवे. गावातले तीसेक लोक बाकांवर, पहिल्या ओळीत मालवेस्तिओ. काम करणारी नोएमी नावाची तरुण मुलगी, हातात काठी घेऊन एकेक भाग दाखवत होती. चांगली मुलगी, शब्द मोजून बोलणारी. तिच्यामागे एक फलक होता. बाहीचा मोठा फोटो, आणि खाली लिहिलेलं: दिशाभूल करणारी भरणी, ओलिंदो ब्रुसेगान. तिनं सांगितलं की हा रंग पाण्यात विरघळणारा आहे, सोमवारी ओल्या स्पंजनं काढून टाकू, शिकाऊ मुलांसाठी फोटो मात्र नमुना म्हणून ठेवू.

मागच्या बाकावरून न्हावी जिजेत्तो म्हणाला, "पिझ्झेरियाचा हात ओलिंदोनं आधी देवळातच बसवून घेतला म्हणायचा."

लोक हसले. वाईटपणानं नाही; गावात मेलेल्या माणसाबद्दल हसतात तसं. मालवेस्तिओंनी मान हलवली. नोएमी माझ्याकडे पाहून ओशाळली आणि म्हणाली की सिन्योरा ब्रुसेगान इथं बसल्यात, वडिलांविषयी त्यांना दोन शब्द बोलायचे असतील तर.

मी उठले. वडिलांविषयी चार बऱ्या गोष्टी माझ्याकडे तयार होत्या. कागदावर लिहूनही आणल्या होत्या. मी फोटोतल्या बाहीकडे पाहिलं. एवढ्या जवळून मी ती एकतीस वर्षांत पाहिली नव्हती. पहिल्या दहा रेघा सरळ आणि मग ती गोड, चिकट, स्वतःवर खूश झालेली वळणं. व्हिएन्नाच्या त्या देवदूतांच्या टाचांसारखी. कागद मी पर्समध्ये परत घातला.

"फलकावरचं नाव चुकलंय," मी म्हणाले. "ती बाही माझ्या वडिलांनी नाही केली. मी केली. ते जेवायला घरी गेले होते, त्यांना माहीतही नव्हतं. मालवेस्तिओ, तुम्ही फोटो घेऊन आलात तेव्हा मी शेजारच्या खोलीत उभी होते आणि सगळं ऐकत होते. त्यांनी माझं नाव सांगितलं नाही. मला एका शब्दानं कधी विचारलं नाही. आणि मी गप्प राहिले, ते जिवंत होते तोवर."