मखमली आवाजाचे चार आठवडे

"एकच खोल गो. दुसऱ्याला हात लावू नको. पयला बोलला का मग दुसरा. नायतर आधी काय व्हतं नि आता काय झालं, ते तुला सांगंल कोण?"

पेणचे काळुराम काका मला हे म्हणाले तेव्हा मी त्यांच्या दुकानात सोल्डरिंगची तार घेत होते आणि मनातल्या मनात हसत होते. काका चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतायत, मान्य. पण मी बी.एस्सी. आहे, तेही इलेक्ट्रॉनिक्स घेऊन. लग्नानंतर ती डिग्री रोह्याला आली आणि सध्या मुलीच्या लसीकरणाच्या कार्डाखाली आहे, हा भाग वेगळा. शिवाय मी फोनवर अकरा व्हिडिओ बघितले होते. सगळ्यांत दोन्ही स्पीकर एकदमच उघडले होते.

हे काम मी हौसेने काढलं नव्हतं, भीतीने काढलं होतं. माझा नवरा अमोल अकरा वर्षांपूर्वी धाटावच्या एका केमिकल कंपनीत लागला तेव्हा पहिल्या बोनसमध्ये त्याने होम थिएटर घेतलं. त्यातले पुढचे दोन स्पीकर कमरेएवढे उंच आहेत, आणि आमची अडीच वर्षांची मृणाली त्यांच्या जाळीला गाल लावून उभी राहते. एका दुपारी मी वाचलं की इतक्या जुन्या स्पीकरमधले कपॅसिटर सुकतात, फुगतात, क्वचित त्यातलं रसायन गळतं. झालं. मला ते रसायन जाळीतून पाझरताना आणि मृणाली ते चाटताना दिसायला लागलं. अमोल म्हणाला, मी तर रोज रसायनांच्यातच असतो, मला काय झालं का? त्याने माझी भीती दुप्पट झाली.

मग पुढे वाचताना कळलं की कपॅसिटर बदलले की आवाजही उजळतो. इथे भीतीचं रूपांतर कधी मिजाशीत झालं, ते माझं मलाच कळलं नाही.

प्रत्येक स्पीकरच्या पोटात एक छोटी पाटी असते, क्रॉसओव्हर. वाकण फाट्यावर पालीची गाडी जशी वेगळी होते, तसा इथे आवाज वेगळा होतो. जाड आवाज खालच्या मोठ्या स्पीकरकडे जातो आणि बारीक आवाज वरच्या इवल्याशा ट्विटरकडे. मी दोन्ही पाट्या एकाच सकाळी उपटून काढल्या, जुने कपॅसिटर उखडले आणि चिकूएवढे नवे पिवळे कपॅसिटर बसवायला घेतले. पहिल्या स्पीकरचं काम संपत आलं होतं. ट्विटरला सोल्डरगनची आच लागू नये म्हणून त्याची लाल तार मी तात्पुरती सोडवून टेपने बाजूला चिकटवली होती. तेवढ्यात आतल्या खोलीत मृणाली खोकली. एकदाच. मी धावले, ताप बघितला, छातीला कान लावला, दहा मिनिटं श्वास मोजले. परत येऊन झाकण लावून टाकलं.

दुसरा स्पीकर करताना नमुना म्हणून बघायला जुना शिल्लकच नव्हता. म्हणून मी पहिल्याचा फोटो बघून केला. फोटोत ती टेप इतकी नीटनेटकी दिसत होती की मी दुसऱ्यातही तशीच चिकटवली.

संध्याकाळी अमोल शिफ्टवरून आला. मी एक भजन लावलं. तो म्हणाला, एकदम क्लिअर. पुढच्या गुरुवारी त्याचा कंपनीतला दोस्त भरत गडब गावाहून जेवायला आला. दोघं अकरा वर्षं एकाच कॉम्प्रेसर हाउसला. भरतने डोळे मिटून तेच भजन पूर्ण ऐकलं, मान डोलावली आणि म्हणाला की वहिनी, तुम्ही दुकान टाका. सासूबाई तेवढ्या म्हणाल्या, ही माणसं गोधडीत तोंड घालून गातात काय गो? मी त्यांना समजावलं की नव्या कपॅसिटरना मुरायला शंभर तास लागतात. त्या म्हणाल्या, लोणच्याला लागतात तेवढे. मी स्पीकर सुधारणाऱ्यांच्या एका ग्रुपवर लांबलचक पोस्ट टाकली, त्यात 'मखमली' हा शब्द तीनदा आहे. ती अजून आहे तिथे. मी पुसली नाही, शिक्षा म्हणून.

माझे कान? माझे कान चांगले आहेत, नंतर तपासून घेतले. पण दोन जाणकार पुरुष 'क्लिअर' म्हणत असताना बाईला गोधडी कशी ऐकू येणार?

चौथ्या आठवड्यात काळुराम काका भाचीकडे रोह्याला आले होते. मीच त्यांना आग्रहाने घरी आणलं. त्यांनी अर्धा मिनिट ऐकलं. मग रद्दीतला पेपर मागून घेतला, त्याची नळी केली, एक टोक ट्विटरपाशी आणि दुसरं आपल्या कानाशी धरलं. नळी माझ्या हातात दिली. मीही लावून बघितली. आत काहीच नव्हतं. दुसऱ्या स्पीकरलाही नाही. चहा संपेपर्यंत काकांनी आपल्या जुन्या सल्ल्याची आठवण करून दिली नाही, हा त्यांचा मोठेपणा. जाताना दारात म्हणाले की दोनी सारखेच मेलेत, हातात सफाई हाय तुझ्या.

मी दोन्ही तारा जोडल्या आणि भजन लावलं. खोलीत जणू कुणीतरी खिडकी उघडली. आतून सासूबाई म्हणाल्या, आता कसे टाळ ऐकाया आले. मला आधी हसू आलं आणि मग अमोलचा भयंकर राग. महिनाभर या माणसाने मला खोटं खोटं कौतुक खाऊ घातलं. लहान मुलीच्या रेघोट्यांना 'छान' म्हणावं तसं. मी त्याची शिफ्ट सुटेपर्यंत भांडण पाठ करत बसले.

तो आला. मी काही सांगितलं नाही, तेच भजन लावलं आणि विचारलं, काही फरक वाटतो का? तो म्हणाला, नाही, होतं तसंच मस्त आहे.

"अमोल, टाळ ऐक जरा."

"कुठाय टाळ?"

मला वाटलं, चेष्टा करतोय. मी एक स्पीकर बंद केला, दुसऱ्याच्या मागे बसले, त्याला दिसणार नाही अशी तार काढली, जोडली, काढली. प्रत्येक वेळी विचारलं, आता आहे का? त्याने पाच वेळा उत्तर दिलं, पाचही वेळा अंदाजाने. चौथ्यापर्यंत तो हसत होता. पाचव्या वेळी माझ्याकडे न बघता, जाळीला गाल लावलेल्या मृणालीकडे बघत राहिला. ती टाळाबरोबर एकेक टाळी वाजवत होती.

"हिला येतंय ऐकू?" त्याने विचारलं.

मी हो म्हणाले.

या घरात मृणालीच्या कानांची परीक्षा मी सात वेळा घेतलीय. तिच्या मागे चमचा वाजवून, कागद चुरगाळून, कुजबुजून. ती शिंकली तर वहीत तारीख पडते. आणि हाच माणूस गेली दोन वर्षं टीव्हीचा आवाज वाढवतो, मुलगी मागून 'बाबा' म्हणाली तर वळत नाही, मी भाजी सांगितली की दुसरीच आणतो, तेव्हा मी आईला फोन करून सांगायचे की याचं माझ्याकडे लक्षच नसतं.

पेणला कानाच्या डॉक्टरांनी तपासणी केली. कागदावरची रेघ बराच वेळ सपाट रस्त्यासारखी चालली आणि मग बांध फुटावा तशी खाडीत उतरली. बारीक आवाज गेलेत, ते परत येणार नाहीत, उरलेले राखा, असं डॉक्टर म्हणाले. कॉम्प्रेसरच्या कर्कश आवाजासाठी कंपनी कानात घालायला बोळे देते. अमोलचे अकरा वर्षं खिशात होते, कारण ते घातले की भरतचे जोक ऐकू येत नाहीत. डॉक्टरांनी विचारलं की माल उचलणारी फोर्कलिफ्ट मागे येताना बीप बीप करते, ते येतं का ऐकू? अमोल गोंधळला. म्हणाला, पूर्वीच्या गाड्या करायच्या, नव्यांना तो आवाज ठेवलेलाच नाही.

परतीच्या रस्त्यात नागोठण्यापर्यंत मृणाली मागून येणाऱ्या प्रत्येक रिक्षाचा आवाज काढून दाखवत होती.

आता अमोल कानांवर मोठी कव्हरं घालतो. साहेबांनी कंट्रोल रूमला बदली द्यायचं कबूल केलंय. त्याच्याशी बोलायचं तर मी समोर जाऊन उभी राहते. भांडतानासुद्धा, त्यामुळे भांडणं लवकर संपतात.

राहिला भरत. तेच कॉम्प्रेसर हाउस, तीच अकरा वर्षं, तीच फोर्कलिफ्टची वर्दळ, आणि त्या मेलेल्या ट्विटरवर त्यानेही डोळे मिटून मान डोलावली होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणतो, वहिनी, मला सुई पडलेली ऐकू येते, तुमच्या नवऱ्याचं वय झालं. अमोलपेक्षा तो दोनच वर्षांनी लहान आहे. त्याची बायको वनिता हसते, म्हणते लग्नाच्या दिवसापासून ऐकत नाहीत, आता काय तपासायचं. मी दोनदा गडबला जाऊन आले. पण मी दिसले की तो खुर्ची फिरवून माझ्यासमोरच बसतो आणि माझ्या ओठांकडे बघून बरोबर उत्तरं देतो.

तुम्हाला तो ओळखत नाही. गुरुवारी त्याची सुट्टी असते, तेव्हा गडबला हायवेलगत भावाच्या टायरच्या दुकानाबाहेर तो रस्त्याकडे तोंड करून बसलेला असतो. निळी टोपी, पायात कंपनीचे बूट. पेणहून नागोठण्याकडे जात असाल तर दोन मिनिटं थांबा. दुकानाच्या मागच्या बाजूने या, चार पावलांवर उभे राहा आणि हळू आवाजात 'भरत' म्हणा. वळला तर टायरमध्ये हवा मारून घ्या नि जा. नाही वळला तर कृपा करून पुढे निघून जाऊ नका. समोर जाऊन त्याला सांगा की तुम्ही हाक मारली होती.