बेडकीच्या येरझाऱ्या

दोन बायका, फजिती ऐका, असं म्हणतात. न्हाव्याला बायको एकच होती, तरी फजिती चुकली नाही, कारण दुसरीकडून थोरली बहीण होती.

गावाबाहेरच्या रस्त्याच्या एका अंगाला तळं, दुसऱ्या अंगाला रान. बेडूक राहायचे रानात, अंडी घालायला जायचे तळ्यात, आणि मध्ये गाड्यांखाली चिरडले जायचे. म्हणून चार माणसं जमली आणि बादल्यांतून बेडूक रस्त्यापार नेऊ लागली. बायको म्हणाली, रानातून तळ्यात न्या. ताई म्हणाली, मेलेले सगळे रानाकडे तोंड करून पडलेत, तेव्हा तळ्याकडून रानात न्या. शब्दाने शब्द वाढला, मंडळ फुटलं आणि ताईने भावाच्या घरची पायरी चढणं सोडलं. एकमेकींचं तोंड दिसायला नको म्हणून बायकोची माणसं संध्याकाळी यायची, ताईची पहाटे. बादली धरायला दोन्हीकडे न्हावी आहेच.

म्हणूनच ती फक्त त्याच्या ध्यानात आली. मागच्या पायाचं बोट तुटलेली, पोट टम्म फुगलेली बेडकी. संध्याकाळी बायको तिला तळ्याकाठी सोडायची. बेडकी दमून काठावरच बसायची आणि पहाटे ताई तिला प्रेमाने उचलून रानात नेऊन ठेवायची. पुन्हा संध्याकाळी बया रस्त्यावर हजर. दोन्ही मंडळं मात्र आपण किती जीव वाचवले म्हणून मिरवत होती.

तळ्यात अंड्यांचे पुंजके अगदी मोजकेच दिसत होते. असंच चाललं तर अंडी पोटातच राहायची आणि पुढे वाचवायला बेडूकच उरायचे नाहीत. न्हाव्याला खरंच वाईट वाटत होतं. पण बायकोला सांगावं तर ती म्हणणार बहिणीची तळी उचलता, आणि ताईला सांगावं तर ती म्हणणार बायकोच्या ताटाखालचं मांजर. दुकानात गिऱ्हाइकापुढे सुसाट चालणारी जीभ घरात पार बोथट व्हायची.

शेवटी त्याने सरळ थाप मारली. ताईकडे जाऊन म्हणाला की हिची कंबर धरलीय, संध्याकाळी कुणीच नाही, बेडूक मरणार. ताई बडबडली, पण बादली घेऊन आली.

रस्त्यावर बायको ताठ कमरेने उभी होती आणि तिच्या ओंजळीत बोट तुटलेली बेडकी.

"हिला मी पहाटेच रानात सोडलं," ताई म्हणाली.

"आणि मी काल संध्याकाळी तळ्यावर."

दोघी बेडकीच्या पोटाकडे बघत राहिल्या.

"अगं बाई," ताईचा आवाज चिरकला, "भरल्या दिवसांची पोर माहेरी निघालीय आणि मी रोज तिला दारातून परत धाडतेय."

बायको म्हणाली, अंडी घालून परतणाऱ्यांना मीही उलटं नेलंच असेल. मग तिथेच ठरलं, भरल्या पोटाची तळ्यात, रिकाम्या पोटाची रानात. आणि एकदम दोघी न्हाव्याकडे वळल्या. त्याला हे कधीपासून माहीत होतं, तोंडात काय गुळणी धरली होती का, बाईमाणसाला थाप मारून धावायला लावताना लाज कशी वाटली नाही, एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. न्हावी मान खाली घालून ऐकत होता आणि त्याला मनातून गुदगुल्या होत होत्या. मंडळ फुटल्यापासून या दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

बेडकीला बादलीत घालून, दोन्ही बाजूंनी कडी धरून, दोघी तळ्याकडे निघाल्या. न्हावी मागे जायला लागला तशी बायकोने त्याला थांबवलं.

"तुम्ही घरी व्हा आणि स्वयंपाकाला लागा. ताई जेवायला येतायत."