रावसाहेबांची सही

रावसाहेब खिल्लारे गेले आणि वर्षभरातच त्यांच्या सह्या ऑनलाइन विकायला येऊ लागल्या. जयंतीच्या स्टेजवर गाताना त्यांचा आवाज लागला की मैदान चिडीचूप व्हायचं. त्यांच्या कॅसेट मराठवाड्यापासून कोकणापर्यंत घराघरांत वाजल्या होत्या. आता त्याच कॅसेटच्या डबीतले छापील कागद, जुनी पोस्टरं, त्यावर सही असेल तर शौकीन मागाल ती किंमत देत.

या शौकिनांचा मोबाइलवर ग्रुप होता. तिथं कुणी रावसाहेबांची सही टाकली की शेवटचा शब्द त्यांच्या लेकीचा, क्रांतीचा. ती बेलापूरला नोकरी करायची आणि आईबरोबर, रखमाबरोबर, सानपाड्याला राहायची. 'क्रांतीताई खरी म्हणाल्या' एवढं पुरे होई.

रावसाहेब लिहायला शिकले ते तिशी उलटल्यावर. पेन छिन्नीसारखं धरायचे. इतकं दाबून लिहायचे, की कागद उलटा केला तर अक्षरं बोटाला लागत. वरची रेघ सगळ्यात शेवटी ओढायचे आणि ती 'सा'पाशी हटकून तुटायची.

एकदा प्रितम नावाच्या संग्राहकानं फोटो पाठवला. "ताई, ही घेऊ का?"

सही देखणी होती. रेघ एका दमात ओढलेली. क्रांतीला तेच खटकलं. "हातात घेतल्याशिवाय नाही सांगणार," ती म्हणाली. विकणारी बाई, सुचिता, जवळच्या शिरवण्याचीच निघाली. रविवारी क्रांती स्वतः पत्ता शोधत गेली.

सुचितानं दार उघडलं, आणि आत खाटेवर बसलेला माणूस पाहून क्रांती उंबऱ्यातच थबकली. गोटीराम काका. रावसाहेबांच्या गाण्याच्या पार्टीत वर्षानुवर्षं पेटी वाजवलेले, लहानपणी तिला खांद्यावर घेऊन मिरवलेले. शेवटी शेवटी दोघांचं बोलणं तुटलं होतं. का, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. सुचिता त्यांची सून होती.

क्रांतीनं कॅसेटचा कागद हातात घेतला, उलटा केला, बोट फिरवलं. गुळगुळीत.

"ही सही पप्पांची नाही."

सुचिताचा चेहरा उतरला. "असं कसं ताई? खोकाभर कॅसेट पडून होत्या घरात. बाबाच म्हणाले, रावसाहेबांनी सह्या करून ठेवल्यात म्हणून."

"म्या केल्यात," गोटीराम म्हणाले.

"लाज नाही वाटली, काका?"

"वाटली. मग म्हणलं, या कागदावर गीत, संगीत, गायन समदं रावसाहेब खिल्लारे छापलंय. गीतं माझी व्हती, पोरी. माझ्या गाण्याला त्याचं नाव चालतं, तर त्याच्या नावाला माझा हात का चालू नये?"

"पुरावा काय?"

"पुरावा कुठला आणू? टेम्पोत बसल्या बसल्या जुळवायचो, त्याला म्हणून दाखवायचो. एकदा ऐकलं की त्याला पाठ. राहीचं गाणं येतं ना तुला?"

ते कुणाला येत नव्हतं? झोळीत पोर टांगून खडी फोडणारी राही. ही कोण, असं क्रांतीनं लहानपणी विचारलं होतं. 'आपल्या सगळ्यांची आई,' असं पप्पा म्हणाले होते.

"राहीबाई माझी माय," गोटीराम म्हणाले. "झोळीत मी व्हतो."

क्रांती पाणीही न पिता उठली.

घरी रखमा मेथी निवडत होती. क्रांतीनं चप्पल काढता काढताच विचारलं, "आई, गाणी कुणाची?"

रखमाचे हात थांबले. जुडी बाजूला ठेवून ती म्हणाली, "गळा तुझ्या बापाचा. शब्द गोटीरामचे."

"मग पप्पा कधी बोलले का नाहीत?"

"पहिल्या कॅसेटवर कंपनीनं चुकून तसं छापलं. हे भांडायला निघाले व्हते. पण तवर लोक हार घालाया लागले, कवी म्हनाया लागले. मग ह्यांना जमलंच न्हाई."

संध्याकाळी क्रांतीनं ग्रुपवर लिहिलं, की या सह्या वडिलांच्या नाहीत. आणि हेही लिहिलं, की त्यांच्या गाण्यांचे शब्द गोटीरामांचे आहेत. सह्या कुणी केल्या ते तिनं लिहिलं नाही. ते दुसऱ्या दिवशी गोटीरामांनीच सुनेला ग्रुपवर लिहायला लावलं.

लोक तुटून पडले. पोरीनं बापाची अब्रू चव्हाट्यावर आणली म्हणाले. प्रितमनं विचारलं, "ताई, मी फक्त सहीचं विचारलं होतं. बाकीचं कशाला बोललात?" नंतर ग्रुपवर तिला कुणी काही विचारेनासं झालं. घरी रखमानंही अबोला धरला. दोघी एकाच ताटलीतली भाकरी मोडायच्या, पण शब्द नाही.

मग एका सकाळी रखमा लुगडं बदलून समोर उभी राहिली. "मला शिरवण्याला ने."

गोटीराम तिला पाहून धडपडत उठले. रखमानं त्यांना बसायला लावलं आणि स्वतः समोर बसली.

"भावजी, एक सांगायचं राहिलं व्हतं. हे जाताना तुमचं नाव घेत व्हते. गोट्याला बोलवा म्हनाले."

क्रांतीनं चमकून आईकडे पाहिलं. हॉस्पिटलात शेवटपर्यंत क्रांतीच पप्पांच्या उशाशी होती. त्यांच्या घशात नळी होती. ते एक शब्दही बोलले नव्हते.

गोटीरामांनी रखमाकडे पाहिलं नाही. ते क्रांतीकडे बघत होते.

"खरं का गं?"

रखमा खाली मान घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"हो काका," क्रांती म्हणाली. "मी तिथंच होते."

म्हाताऱ्यानं उपरण्यात तोंड घातलं. सुचिता चहा घेऊन आली आणि तशीच दारात उभी राहिली. मग गोटीरामांनी डोळे पुसले.

"आलो असतो, वहिनी," ते म्हणाले. "एका हाकेत आलो असतो."