गालिच्यावरचा पेला

डॉ. नद्वाने कॉफीचा पेला ओठांशी नेलाच नाही. सरळ समोर गालिच्यावर ठेवला.

बैठकीतली कुजबुज थांबली. शेख दहामच्या दारी असा पेला ठेवायचा तो सोयरिकीसाठी, नाहीतर खुनाच्या तडजोडीसाठी; आणि तोही पुरुषानं. मागणं मान्य होईपर्यंत पाहुणा पीत नाही, आणि पाहुणा न पिता उठला तर यजमानाचं नाक कापलं जातं.

इराकमधल्या रमादीजवळच्या या गावात नद्वा महिनाभर खेटे घालत होती. लढाई संपली तरी माणसांचं शरीर आणि मन कुठे कुठे दुखत राहतं, हा तिचा अभ्यास. पण गावात दुखणं नावालाही नव्हतं. झोप? देवाची कृपा. छाती? देवाचीच कृपा. शेख म्हणाला ‘कृपा’, की गाव म्हणालं ‘कृपा’. आणि याच कृपावंतांनी दुकानातली पोटदुखीची औषधं फस्त केली होती! विद्यापीठ म्हणत होतं, सगळे ठणठणीत असतील तर अभ्यास गुंडाळा.

"पोरी, कॉफी निवतेय," शेख म्हणाला.

"निवू द्या, काका."

"दवाखाना हवा असेल," शेखचा चुलतभाऊ मुत्लक खिदळला. "नाहीतर नवरा!"

शेख मिशीत हसला. औदार्य दाखवायला भरलेली बैठक लागते, ती होतीच. त्याने छातीवर हात ठेवला.

"पी. मागशील ते दिलं."

नद्वाने पेला एका घोटात रिकामा केला.

"मग सांगा, रात्री झोप लागते? खरं उत्तर, एवढंच मागणं."

मुत्लकचं हसू अर्ध्यावर राहिलं. शेखने जपमाळेचे मणी ओढले. शब्द तर देऊन बसला होता.

"तुम्ही सांगताय, की मी सांगू?" पडद्यामागून त्याच्या बायकोचा आवाज आला.

"गप गं!" शेख गुरगुरला. मग जपमाळ मांडीवर ठेवली. "घर अंगावर कोसळलं तेव्हापासून छताखाली झोप नाही. थंडीतही गच्चीवर पडतो. छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं. लिही."

नद्वा लिहीत राहिली. कुणी हसलं नाही.

तिने मान वर केली, तेव्हा मुत्लकचा भरलेला पेला तिच्यासमोर होता.

"आता माझं ऐक, बाई," तो खालच्या आवाजात म्हणाला.

त्याच्यामागे एकेक पेला गालिच्यावर टेकत गेला. मग पडदा जरासा हलला, आणि खालून बांगड्या भरलेला एक हात बाहेर आला. त्या हातातही पेला होता.