सात खुनांचा गठ्ठा

माझ्या पोटात सात खून झाले आणि मेलेल्यांपैकी एकासाठीही कुणी रडलं नाही. दोष कुणाचा, ते सांगत बसत नाही. पण ज्याने कुणी ही माणसं नुसती मरण्यासाठी जन्माला घातली, त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

मी तीनशे बारा कागदांचा गठ्ठा. एका थरारक कादंबरीचं हस्तलिखित. माझा मालक लिफ्ट दुरुस्त करतो. जेवणाच्या सुट्टीत गच्चीवर लिफ्टच्या मोटारीपाशी बसून, डबा बाजूला सारून तो मला लिहायचा. माझ्या कडांना ग्रीसचे डाग आहेत. मी ते मिरवतो.

सुरुवातीला मी फार ऐटीत होतो. माझ्या नायकाला नऊ भाषा यायच्या. गोळी नेहमी त्याच्या डाव्या खांद्याला लागायची आणि पुढच्याच प्रकरणात तो त्याच हाताने भिंत चढायचा. नायिका सुंदर होती. बस, एवढंच होती. खलनायक नायकाला खुर्चीला बांधायचा आणि गोळी घालायची सोडून आपला सगळा बेत त्याला समजावून सांगायचा, चांगली तीन पानं.

संपादकबाईंनी मला दोनदा परत पाठवलं. दुसऱ्या वेळच्या चिठ्ठीत एकच ओळ होती, ‘आणखी एकदा वाचेन, शेवटचं.’

“आता परत आला, तर याच्या कोऱ्या पाठीवर सुट्या भागांच्या याद्या लिहीन,” मालक म्हणाला. म्हणाला हसत, पण माझी पानं गार पडली.

त्याने मला थोरल्या बहिणीच्या हाती दिलं. ती इस्पितळात, अपघात विभागात परिचारिका.

“याच्या डोक्यात लोखंडी दांडा घातलाय ना?” तिने विचारलं.

“हो.”

“आणि दहा मिनिटांत हा धावतोय?”

“नायक आहे तो, ताई.”

“आमच्याकडे आण त्याला. चार दिवस उलट्या करेल आणि आईला हाका मारेल. आई आहे ना याला?”

आई द्यायची राहूनच गेली होती.

“बरं, ही बाई काय करते?”

“ती... पळते.”

“पगारी?”

मालक दोन दिवस तिच्याशी धड बोलला नाही. पण खरा दणका बसला तो कामावर. त्याच्या जोडीला एक वयस्क मिस्त्री आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात. त्यांनी माझं शेवटचं प्रकरण उघडलं. खलनायक दोर कापतो, लिफ्ट विसाव्या मजल्यावरून कोसळते, नायक ऐन वेळी उडी मारून बचावतो, असं ते प्रकरण.

“हे कुणी लिहिलंय?”

“मीच की, दादा.”

“तू? अरे, एका लिफ्टला चार दोर असतात. सगळे तुटले तरी खालचे जबडे रुळांना पकडतात आणि लिफ्ट जागच्या जागी अडकते. काल लिफ्टला घाबरणाऱ्या त्या आजींना हे तूच समजावत होतास ना?”

“कादंबऱ्यांमध्ये पडते, दादा.”

“तू अडकलेली किती माणसं बाहेर काढलीस आजवर? त्यांचे चेहरे आठव. मला तर ते आठवूनच घाम फुटतो, लिफ्ट पडायची गरजच नाही.”

त्या सुट्टीत मालकाने एक अक्षरही लिहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्याने माझी दोनशे पानं फाडली आणि ती नव्याने लिहायला घेतली. दुखलं. पण सातातले सहा जण जिवंत झाले, तेव्हा मला हलकं वाटलं. जो एक मेला, त्याला मागे बायको मिळाली. ती अजून त्याचा चष्मा पुसून ठेवते. नायिका आता पुलांची तपासणी करते आणि तिला उंचीची भीती वाटते. खलनायकाची तीन पानं गेली. त्याला आपण योग्यच वागलो असं मनापासून वाटतं. हीच दोघं एका बंद लिफ्टमध्ये अडकतात. हा खुनी आहे, हे तिला ठाऊक नाही. तो तिला आपल्या बाटलीतलं पाणी देतो. लिफ्ट पडत नाही.

लिहिणाऱ्यांनो, मी साधा गठ्ठा आहे, पण एक मागणं आहे. माणूस मारायचाच असेल तर आधी त्याला जगू द्या. वाचक मूर्ख आहे असं धरून चालू नका. आणि जे काम तुमच्या हाताला ठाऊक आहे, ते लिहिताना तरी दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उसनं आणू नका.

आज सकाळी मालकाने मला संपादकबाईंच्या कार्यालयात सोडलं आणि मागे न बघता गेला. मी फोनपाशी बसणाऱ्या मुलीच्या टेबलावर होतो. तिने सहज म्हणून मला उघडलं. तिचा चहा निवला. फोन दोनदा वाजून थांबला.

“तो लिफ्टवाल्याचा गठ्ठा आत आण गं,” आतून बाईंची हाक आली. “बघून टाकते एकदाचा.”

मुलीने वर न बघताच पान उलटलं.

“दहा मिनिटं द्या ना बाई. दोघं अजून आतच आहेत, आणि तिला काही कळलेलं नाहीये.”